धावत्या हाताचे खिळे : सिव्हिलिते मुद्राक्षरे, मोडी आणि त्यांचे वाचक

मुद्राक्षर स्थिर असते व हस्ताक्षर गतिमान असते, असा भेद लिपिविषयक प्राथमिक विवेचनात बहुधा केला जातो. तो स्थूलमानाने खरा असला, तरी मुद्रणाच्या इतिहासात ह्या भेदाची सीमा ओलांडण्याचे प्रयत्न वारंवार झालेले आहेत. रोजच्या व्यवहारात, घाईघाईने, हात न उचलता लिहिल्या जाणाऱ्या अक्षराचीच प्रतिकृती धातूत उतरवावी आणि छापील पानाला हाताने लिहिल्याचा भास द्यावा, ही इच्छा मुद्रकांना प्रारंभापासून होती. अशा अक्षरांचा इतिहास सामान्यतः मुद्रणकलेच्या ग्रंथांत एखाद्या तळटीपेपुरता येतो. वस्तुतः तो भाषाभ्यासकाच्याही विचारार्थ घेण्याजोगा आहे. कारण ही अक्षरे घडविणाऱ्याने त्यांना जो अर्थ देऊ केला तो वाचकांनी क्वचितच स्वीकारला. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फ्रान्समधील ल्यों ह्या शहरी १५५७ मध्ये रोबेर ग्रांझों ह्याने प्रचारात आणलेली व पुढे ‘सिव्हिलिते’ ह्या नावाने ओळखली गेलेली मुद्राक्षरे होत.

ग्रांझों हा मूळचा पॅरिसचा. त्याचा पिता ग्रंथविक्रेता व मुद्रक होता, आणि तो स्वतः पोलादी ठसे कोरण्याच्या कलेत सोळाव्या शतकातील अग्रगण्य कारागिरांत गणला जातो. ज्या काळात तो वाढला तो फ्रेंच भाषेच्या स्वत्वजागृतीचा काळ होता. १५३९ मध्ये व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने न्यायालयीन व सरकारी लेखनात लॅटिनऐवजी फ्रेंचचा वापर बंधनकारक केला. १५४९ मध्ये झोआशिम द्यु बेले ह्याचे फ्रेंच भाषेच्या समर्थनाचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. परंतु ही भाषा छापली कशात जात होती? गॉथिक खिळे मागे पडून त्यांची जागा रोमन वळणाच्या खिळ्यांनी घेतली होती, आणि रोमन हे वळण इटलीतून आलेले होते. म्हणजे भाषा घरची पण अक्षर परक्याचे, अशी स्थिती होती. पॅरिसमधील कोरक्यांनी ह्या परक्या अक्षराला कितीही सौंदर्य आणून दिले, तरी त्याचे मूळ लपत नव्हते.

ग्रांझोंने १५५७ मध्ये रिंघिएरी ह्या इटालियन लेखकाच्या जीवन आणि मृत्यू ह्यांवरील संवादाचे फ्रेंच भाषांतर आपल्या नव्या खिळ्यांनी छापले. त्याच्या अर्पणपत्रिकेत त्याने आपली भूमिका मांडली आहे. हिब्रू, ग्रीक, रोमन आदी लोकांनी आपापल्या भाषेसाठी आपापली अक्षरे राखली, मग फ्रेंचांनीच दुसऱ्यांच्या अक्षरांवर का विसंबावे, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. त्याने आपल्या खिळ्यांना ‘फ्रेंच अक्षर’ असे नाव दिले. त्याच वर्षी डिसेंबरात राजा दुसरा आंरी ह्याच्याकडून त्याने दहा वर्षांचा एकाधिकारही मिळविला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या हस्ताक्षराची ही प्रतिकृती होती ते फ्रान्समधील कारकून, नोटरी व व्यापारी ह्यांचे रोजचे चालू वळण होते. ते मध्ययुगीन गॉथिक धावत्या लिपीचे वंशज होते, आणि तिच्या भावंडांसारखी वळणे इंग्लंडात व नेदरलँड्समध्येही त्या काळी प्रचारात होती. तेव्हा ‘राष्ट्रीय’ हा त्याचा दावा लिपीच्या इतिहासाच्या कसोटीवर फारसा टिकत नाही. तो दावा टिकतो तो केवळ एका अर्थाने: इटलीतील विद्वानांचे वळण ते हे नव्हे, एवढेच सांगण्यापुरता. अस्मितेची बहुतेक विधाने अशी नकारातच जन्मतात, आणि ग्रांझोंचे विधान त्याला अपवाद नव्हते.

दाव्यापेक्षा त्याची कारागिरी अधिक पक्की होती. धावते अक्षर खिळ्यात आणण्याची मूळ अडचण अशी की, हस्ताक्षरात अक्षराला स्वतंत्र अस्तित्व नसते. एकच अक्षर शब्दाच्या आरंभी एका रूपात, मध्ये दुसऱ्या रूपात व शेवटी तिसऱ्याच रूपात येते. शेजारचे अक्षर बदलले की त्याची शेपटी बदलते, आणि ओळ संपत आली की लिहिणारा तीच शेपटी समासापर्यंत लांबवितो. उलट खिळा हा चौकोनी धातूचा तुकडा. त्याच्या चार कडा ठरलेल्या, आणि कडेबाहेर गेलेला भाग छापताना मोडण्याचा धोका नित्याचा. ग्रांझोंने ह्यावर उपाय केला तो संख्येने. अनेक अक्षरांची दोन-दोन, क्वचित त्याहून अधिक रूपे त्याने कोरली. शब्दान्ती येणाऱ्या रूपांना खाली किंवा उजवीकडे झेपावणारे फाटे दिले, आणि नेहमी एकत्र येणाऱ्या अक्षरांचे जोडखिळे वेगळे पाडले. ह्याचा परिणाम असा झाला की, जुळाऱ्याचे काम नुसते अक्षरे वेचण्याचे राहिले नाही. कोणते रूप कोठे बसवावे ह्याचा निर्णय त्याला प्रत्येक शब्दाला करावा लागे. उच्चारशास्त्रात एकाच वर्णाचे परिसरानुसार भिन्न उच्चार मानले जातात, त्याच जातीची ही व्यवस्था होती. फरक इतकाच की, बोलणाऱ्याला हे नियम नकळत पाळता येतात आणि जुळाऱ्याला ते शिकावे लागतात. चांगल्या जुळाऱ्याच्या हातून निघालेले पान आजही क्षणभर हस्तलिखित वाटते. निष्काळजी जुळाऱ्याच्या पानात शब्दाच्या मध्येच अंत्य रूपाचा फाटा येतो आणि सारा आभास कोसळतो.

एकाधिकाराचा उपयोग ग्रांझोंला फारसा झाला नाही. १५५८ मध्येच पॅरिसला फिलिप दांफ्री व रिशार ब्रतों ह्यांनी त्याच धर्तीची आपली अक्षरे काढली. अँटवर्पचा ख्यातनाम मुद्रक ख्रिस्तोफ प्लांतँ हा ह्या खिळ्यांचा गिऱ्हाईक होता. तेथेच अमेत ताव्हेर्निए ह्याने स्वतःची सिव्हिलिते कोरली, आणि पुढे गेंट येथील हेंड्रिक व्हान डेन केरे ह्यानेही. फ्रेंच राष्ट्राच्या नावाने सुरू झालेले अक्षर ह्याप्रमाणे दहा-पंधरा वर्षांच्या आत फ्लेमिश मजकूर छापण्यासाठी अँटवर्प व गेंटच्या कारखान्यांत सुखाने नांदू लागले. तेथील छपाईत त्याला फ्रान्सपेक्षाही दीर्घ व विविध आयुष्य लाभले, हा ह्या इतिहासातील एक उपरोध आहे.

परंतु खरा पालट झाला तो वाचकवर्गाच्या बाबतीत. गंभीर ग्रंथांसाठी हे अक्षर रुजले नाही. काव्य, संवाद, अर्पणपत्रिका अशा लेखनात ते काही काळ दिसते, पण धर्मशास्त्र, कायदा, इतिहास ह्यांचे मुद्रक रोमन व तिरप्या खिळ्यांपाशीच राहिले. ह्या नव्या अक्षराला हक्काचे स्थान मिळाले ते मुलांच्या पुस्तकांत. प्लांतँने १५५८ मध्येच बालकांसाठी एक प्राथमिक पुस्तक ह्या खिळ्यांत छापले. इरॅस्मसने १५३० मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर एक छोटे लॅटिन पुस्तक लिहिले होते. नाक कसे पुसावे, जेवताना हात कोठे ठेवावे, मोठ्यांशी बोलताना दृष्टी कशी असावी, इत्यादी विषयांचे ते पुस्तक युरोपभर अफाट खपले. त्याची फ्रेंच रूपांतरे, आणि त्यांवरून बेतलेली अन्य शिष्टाचारपुस्तके, ह्या अक्षरांत निघू लागली. शिष्टाचार ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘सिव्हिलिते’. पुस्तकाचे नाव कालांतराने खिळ्यांना चिकटले, आणि ‘फ्रेंच अक्षर’ हे ग्रांझोंने दिलेले नाव लोपले. राष्ट्राचे अक्षर व्हावे म्हणून जन्मलेले अक्षर ‘नीट बसा, नीट जेवा’ सांगणारे अक्षर झाले.

हे असे का व्हावे? मुलांना गोड दिसावे म्हणून हे अक्षर निवडले गेले, अशी आजच्या वाचकाची सहज कल्पना होईल. ती चुकीची आहे. त्या काळच्या वाचनशिक्षणात वाचणे व लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये होती, आणि छापील अक्षर वाचता येणारा मनुष्य हस्तलिखित कागद वाचू शकेलच असे नव्हते. खरेदीखत, कर्जरोखा, भाडेपट्टा, पत्र हे सारे धावत्या हातात असे. ज्याला ते वाचता येत नाही त्याला छापील प्रार्थनापुस्तक पाठ असूनही व्यवहारात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. सिव्हिलितेतील पुस्तक हा ह्या दोहोंमधील पूल होता. त्यात हस्ताक्षराची रूपे होती, पण ती प्रत्येक पानावर सारखीच येत. हात बदलत नसे, शाई फाकत नसे, ओळ वाकडी होत नसे. शिष्टाचाराचा मजकूर आणि हस्ताक्षराचे वळण ह्या दोहोंची दीक्षा मुलाला एकाच पुस्तकातून मिळे.

ह्या उपयोगाचा सर्वांत स्पष्ट पुरावा पुढील काळातील आहे. झाँ-बाप्तिस्त द ला साल ह्याने स्थापिलेल्या धर्मबंधूंच्या शाळांत गरीब मुलांना मातृभाषेतून शिक्षण दिले जाई. त्याचे ख्रिस्ती शिष्टाचारावरील पुस्तक १७०३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अठराव्या शतकात सिव्हिलिते अक्षरांत पुनःपुन्हा छापले गेले. ह्या शाळांच्या अभ्यासक्रमात वाचनाच्या पायऱ्या आखलेल्या होत्या. फ्रेंच व लॅटिन छापील पुस्तके आधी, नंतर शिष्टाचाराचे पुस्तक, आणि अखेरीस हाताने लिहिलेले प्रत्यक्ष कागद. म्हणजे हे अक्षर हस्तलिखिताच्या दाराशी नेऊन सोडणारी पायरी होती, आणि ती पायरी म्हणूनच जाणीवपूर्वक वापरली जात होती.

मात्र ह्याच काळात एक विसंगती वाढत गेली. सतराव्या शतकात फ्रान्समधील प्रचलित हस्ताक्षर बदलले. जुन्या गॉथिक धावत्या हाताची जागा ‘रोंद’ ह्या गोल वळणाने आणि इटालियन धाटणीच्या तिरप्या वळणाने घेतली. ठसे मात्र जुनेच राहिले, किंवा नवे कोरताना जुन्यांचेच अनुकरण झाले. अठराव्या शतकातील मूल जे ‘हस्ताक्षर’ छापील पुस्तकात वाचत होते, तसे त्याच्या बापाचे अक्षर नव्हते. पणजोबाच्या बापाचे कदाचित असेल. जुने दस्तऐवज वाचण्यास त्याचा उपयोग होई, नवे पत्र वाचण्यास कमी. हात पुढे निघून गेला आणि त्याची प्रतिकृती मागे राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे खिळे शाळांतून नाहीसे झाले. १९२० च्या दशकात अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन ह्याने त्याच नावाचे एक अक्षर नव्याने घडविले, परंतु ते जाहिराती व शुभेच्छापत्रे ह्यांसाठी. तोवर ह्या वळणाचा अर्थ केवळ ‘पूर्वीचे काहीतरी’ एवढाच उरला होता.

ह्याच्याशी तुलना करावी अशी एक घटना अर्धशतक आधीची आहे. व्हेनिस येथे आल्दुस मानुतियुस ह्याने १५०१ मध्ये व्हर्जिलची जी छोटेखानी आवृत्ती काढली, तिचे खिळे फ्रांचेस्को ग्रिफ्फो ह्याने इटालियन विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून कोरले होते. आज ज्याला इटॅलिक म्हटले जाते ते हेच. म्हणजे इटॅलिक हेही जन्माने हस्ताक्षराचे सोंग होय. परंतु ते रोमन खिळ्यांच्या सोबतीस येऊन राहिले, आणि ग्रंथनाम, परभाषेतील शब्द, जोर द्यावयाचा शब्द ह्यांची खूण बनले. त्याचे ‘हाताने लिहिलेले’ हे रूप आता कोणाच्याही ध्यानात येत नाही. ते विरामचिन्हांच्या जातीचे झाले आहे. एक धावता हात व्याकरणाच्या सेवेस लागला, दुसरा पाठशाळेच्या. दोहोंच्या आकारात असे काहीही नव्हते, की ज्यावरून हे भविष्य वर्तविता आले असते. भाषाशास्त्रात प्रसंग, विषय व संबंध ह्यांनुसार बदलणाऱ्या भाषारूपास प्रयुक्ती म्हणतात. मुद्राक्षराच्या वळणालाही अशी प्रयुक्ती असते, आणि ती कोरक्याच्या हेतूने ठरत नाही, ते वळण लोकांना पहिल्यांदा व वारंवार कोठे भेटते ह्याने ठरते.

मराठी अभ्यासकाला ह्या ठिकाणी मोडीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ग्रांझोंने जो प्रयोग फ्रेंच कारकुनी हाताच्या बाबतीत केला, तोच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडीच्या बाबतीत झाला, आणि तोही महाराष्ट्रापासून दूर, बंगालमधील श्रीरामपूर येथे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत निघाले. परंतु १८१० मधील त्याचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापलेला आहे, आणि त्यानंतर सिंहासन बत्तिशीसारखी गद्य पुस्तकेही तेथून मोडीत निघाली. कॅरीपुढील विचार ग्रांझोंसारखा अस्मितेचा नव्हता, तो व्यवहाराचा होता: मराठी लोक रोज जे लिहितात व वाचतात ते मोडी, तेव्हा पुस्तकही मोडीत हवे.

मोडीची अडचण मात्र ग्रांझोंच्या अडचणीहून बिकट होती. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली गुंफीत जातो. शब्द तोडले जात नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ भेद नसतो, आणि अनेक ठिकाणी स्वरचिन्ह व्यंजनात असे मिसळते की मिळून नवाच आकार होतो. हे सर्व खिळ्यात आणावयाचे म्हणजे सलग शिरोरेषेचे तुकडे करणे आले आणि वेगाने जन्मलेल्या आकारांना उभे करून ठेवणे आले. ज्या वेगासाठी मोडी होती तो वेगच छापखान्यात निरुपयोगी होता, कारण जुळाऱ्याला ‘क’ बालबोध असो वा मोडी, खिळा उचलण्यास सारखाच वेळ लागतो. मग मोडी खिळ्यांचा लाभ कोणता? ओळखीचा, एवढाच. आणि ती ओळखही पक्की नव्हती. मराठी वाचकाच्या मनात ग्रंथ म्हणजे पोथी, आणि पोथी म्हणजे बालबोध, हे समीकरण मुद्रणाच्या पूर्वीच दृढ झालेले होते. हिशेब, पत्र, सनद, निवाडा ह्यांची लिपी मोडी; ज्ञानेश्वरीची लिपी बालबोध. प्रयुक्तीची ही वाटणी छापखान्याला मोडता आली नाही.

मुंबईत मुद्रण वाढीस लागले तेव्हा ग्रंथांसाठी बालबोधच स्वीकारली गेली. धावत्या हाताची गरज जेथे होती तेथे शिळाछापाने ती भागविली. दगडावर लिहिलेले जसेच्या तसे उमटते, त्यासाठी ठसे कोरण्याचे कारण नाही. शाळांतील मोडी वाचनाची पुस्तके शिळाछापावर निघत. त्यांत निरनिराळ्या हातांचे नमुने देता येत, आणि हे सिव्हिलितेला कधीच साधले नव्हते. ह्याचा निष्कर्ष असा की, फ्रान्समध्ये हात मेला व त्याचे खिळे मागे राहिले. महाराष्ट्रात खिळे अल्पायुषी ठरले आणि हात त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षे चालू राहिला.

हस्ताक्षरी मुद्राक्षरांची आधुनिक काळातील सर्वज्ञात कथा ह्या दोहोंहून वेगळी आहे. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील व्हिन्सेंट कॉनेअर ह्याने ‘कॉमिक सॅन्स’ हे अक्षर घडविले. संगणकावरील एका बालसुलभ कार्यक्रमात एक कुत्रा बोलत असे, आणि त्याच्या मुखातील फुग्यात ‘टाइम्स’ हे वृत्तपत्री अक्षर येत असे. ही विसंगती कॉनेअरला खटकली, आणि चित्रकथांच्या पुस्तकांतील हाताने लिहिलेल्या संवादांवरून त्याने नवे अक्षर बेतले. ते त्या कार्यक्रमासाठी वेळेत पुरे झाले नाही, पण विंडोज ९५ च्या वेळी ते सर्वत्र पोहोचले. येथे ग्रांझोंच्या कथेची दिशा उलटी झाली: मोठ्या हेतूचे अक्षर बालकांकडे गेले नाही, कुत्र्याच्या बोलण्यासाठी केलेले अक्षर कार्यालयीन सूचना, दुकानांच्या पाट्या, इस्पितळांतील फलक येथपर्यंत चढले. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न ह्या संस्थेत हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा शास्त्रज्ञांच्या एका गटाचे निष्कर्ष ह्याच अक्षरात पडद्यावर दाखविण्यात आले, आणि भौतिकशास्त्राइतकीच चर्चा अक्षराची झाली. हा उपहास अक्षराच्या कुरूपतेमुळे होतो असे अभिकल्पक सांगतात. ते अर्धसत्य आहे. सभेत घरगुती बोली ऐकून श्रोते हसतात, तेव्हा ती बोली सदोष असते असे नव्हे. उलट प्राथमिक शिक्षक ह्या अक्षराला धरून असतात, कारण मुलाला जसा ‘ए’ गिरवावयास शिकविला जातो तसाच तो ह्यात आहे. ब्रिटनमधील डिस्लेक्सिया संस्थेच्या सूचनांतही वाचनसुलभ अक्षरांच्या यादीत त्याचा समावेश आहे. सिव्हिलितेचे पहिले विद्यार्थीही ह्याच कारणाने ते अक्षर वाचत होते.

मोडीच्या बाबतीत हा प्रश्न आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोड ह्या आंतरराष्ट्रीय संगणकीय प्रणालीत स्थान मिळाले, आणि तेव्हापासून मोडी अक्षरांचे संगणकीय टंक तयार होत आहेत. पुणे येथील पेशवे दफ्तरासह अनेक संग्रहांत मोडी कागदांचे रुमाल वाचकाची वाट पाहत पडले आहेत, आणि ते वाचू शकणारे मोजके आहेत. नवे टंक ह्या वाचकांच्या प्रशिक्षणासाठीच प्रामुख्याने वापरले जाणार. परंतु युनिकोड अक्षराला क्रमांक देते, वळण देत नाही. ते टंक घडविणाऱ्याने निवडावयाचे असते. चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी वळणे उत्तरकालीन मोडीतच नांदत होती, आणि शिवकालीन हात त्यांहून वेगळा होता. आजवरचे बहुतेक टंक सुटी, सरळ, स्वच्छ अक्षरे देतात. त्यांत शिकलेला विद्यार्थी पाटी वाचू शकेल, निमंत्रणपत्रिकेवरील शोभेचे नाव वाचू शकेल. पण रुमाल सोडून पहिला कागद हाती घेताच त्याला तेथे ह्यातले एकही अक्षर ओळखीचे दिसणार नाही. शब्दान्ती कोणते रूप, कोणत्या अक्षराशेजारी कोणता फाटा, हे नियम टंकात घालण्याचे सामर्थ्य आजच्या संगणकात आहे, आणि ग्रांझोंच्या जुळाऱ्याला प्रत्येक शब्दाला करावा लागणारा निर्णय ते यंत्र आपोआप करू शकते. त्यासाठी प्रथम एखाद्या विशिष्ट दफ्तरातील, विशिष्ट काळातील एका कारकुनाचा हात पुरेशा कागदांवरून तपासून त्याच्या अक्षररूपांची परिसरनिहाय नोंद करावी लागेल. हे काम अक्षरकाराचे नव्हे. ते वर्णविन्यासाच्या अभ्यासकाचे आहे, आणि ते मोडी वाचणारी पिढी उपलब्ध असतानाच करावे लागेल.